ऊबमापनाची तेवीस कलमे

ध्वनी कंपनातून निर्माण होतो, हवेतून प्रवास करतो आणि कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. तेथून पुढे काय होते याची जबाबदारी भौतिकशास्त्र घेत नाही. ही जबाबदारी अनादी काळापासून हौशी मंडळींनी स्वेच्छेने, विनावेतन आणि कोणी विचारले नसताना उचललेली आहे.

प्रस्तुत प्रकरणातील हौशी गृहस्थांना आपण संग्राहक म्हणू, कारण त्यांचे नातेवाईकही त्यांना तेच म्हणतात (इतर शब्द ते पाठीमागे वापरतात). व्यवसायाने ते मापनयंत्रे तपासतात. कारखान्यांतून, दवाखान्यांतून तापमापके आणि वजनकाटे त्यांच्या टेबलावर येतात. प्रत्येक यंत्र किती चुकते हे ते दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत काढतात, प्रमाणपत्रावर लिहितात आणि सही करतात. इतरांची चूक अचूकपणे सांगण्याचा पगार मिळणारी माणसे जगात फार नाहीत. बाकीचे ते फुकट करतात.

घरात त्यांच्या ताब्यात नऊ बाय अकरा फुटांची एक खोली होती. तीत जॅझच्या दोन हजार तीनशे सात तबकड्या आणि आठशे चित्रपट, छतापर्यंत गेलेल्या फळ्यांवर, वर्णानुक्रमे, उभे होते. त्यांपैकी चौदा तबकड्यांवर एकाच दुपारी, एकाच स्टुडिओत झालेले एकच ध्वनिमुद्रण होते. आवृत्त्या मात्र चौदा होत्या. तेराव्या आवृत्तीच्या वेष्टणावर एक स्वल्पविराम जास्त आहे. असा स्वल्पविराम सोडून देणाऱ्याला संग्राहक म्हणत नाहीत.

चित्रपटांच्या बाबतीतही त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. नायकाच्या घरात मागे कुठे तबकड्यांचा गठ्ठा दिसला की ते चित्र थांबवत, भिंग घेत आणि वेष्टण ओळखत. परिणामी रहस्यपटांतील एकशे सदतीस दिवाणखान्यांत कोणत्या तबकड्या होत्या याची बिनचूक यादी त्यांच्याजवळ होती. त्या दिवाणखान्यांत खून कोणी केला, हे त्यांना एकाही बाबतीत सांगता आले नसते.

सर्वांत काटेकोर होती ती स्वच्छता. प्रत्येक तबकडी वाजवण्यापूर्वी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायची, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने पुसायची, शोषणयंत्राने कोरडी करायची. या क्रियेला चौतीस मिनिटे लागत. तबकडीची एक बाजू अठरा मिनिटे वाजे. गेल्या वर्षीच्या त्यांच्याच नोंदवहीनुसार वेळेची विभागणी अशी: धुणे, चारशे बारा तास, सूची करणे, दोनशे अठ्ठ्याऐंशी तास, मांडणी आणि फेरमांडणी, एकशे नव्वद तास, इतर संग्राहकांच्या चुका पत्राने कळवणे, दोनशे तीस तास, ऐकणे, सोळा तास. या सोळा तासांत कुठे खरखर उरली आहे का, हे तपासले जाई. ती उरलेली नसे. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवत.

सगळे सुरळीत चालले होते, आणि तेवढ्यात मुलीला बढती मिळाली.

मुलगी एका कंपनीसाठी घरी बसून ग्राहकांच्या तक्रारी ऐकत असे. दिवसाला सरासरी एकसष्ट. घरात एकंदर ऐकण्याचे काम ती एकटीच करत होती असे म्हटले तरी चालेल. तिची जागा म्हणजे न्हाणीघर आणि धुलाईयंत्र यांच्यामधला बोळ. यंत्र पिळण्याच्या टप्प्यावर आले की पलीकडचा ग्राहक काळजीने विचारी, "बाई, तुम्ही विमानतळावर आहात का?" नव्या पदासाठी कंपनीची एकच अट होती: चार भिंती आणि बंद होणारे दार असलेली खोली. एक तारखेला कॅमेऱ्यावरून तपासणी होणार होती. बोळाला भिंती दोनच होत्या. दार होते, पण ते न्हाणीघराचे.

"बाबा, खोली मिळेल का?" मुलीने जेवताना विचारले.

"कोणती खोली?" संग्राहक म्हणाले. घरात तीनच खोल्या होत्या.

"अहो, सोंग नका घेऊ," पत्नी म्हणाल्या. त्या रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत प्रमुख होत्या आणि लोकांच्या आत काय आहे याबद्दल त्यांचा गैरसमज सहसा होत नसे. "तुमच्या तबकड्यांची खोली."

"बाबा, ते सगळं माझ्या फोनमध्ये आहे. चौदाच्या चौदा. स्वल्पविराम सोडून."

संग्राहकांनी घास खाली ठेवला. "फोनमध्ये आवाज असतो. तबकडीत ऊब असते. ज्याला कान आहेत त्याला फरक कळतो."

"तुम्हाला कळतो?"

"डोळे मिटून."

"मग मिटा," पत्नी म्हणाल्या. "ओळखून दाखवलंत तर खोली तुमची. नाही ओळखलंत तर लेकीची. आणि मग कुरकुर करायची नाही."

येथे संग्राहकांची बाजू समजून घेणे न्यायाचे होईल. सामान्य हौशी माणूस अशा वेळी चिडतो, अपमान झाला म्हणतो, चप्पल घालून बाहेर पडतो. संग्राहक विज्ञाननिष्ठ होते. त्यांनी कागद घेतला आणि दोन दिवस खपून तेवीस कलमांची कार्यपद्धती लिहिली. फोन आणि तबकडी एकाच ध्वनिवर्धकातून, एकाच स्पीकरवर वाजतील (कलम चार). दोहोंची पातळी कार्यालयातील ध्वनिमापकाने जुळवली जाईल (कलम पाच). क्रम नाणे उडवून ठरेल आणि बंद पाकिटांत राहील (कलम नऊ). वाजवणारा पडद्याआड असेल आणि त्याने खोकू नये (कलम अकरा). उत्तरे लिहिणाऱ्या व्यक्तीला क्रम ठाऊक नसेल (कलम बारा). वीस फेऱ्यांपैकी पंधरा किंवा अधिक बरोबर आल्यास दावा मान्य. केवळ नशिबाने इतके जमण्याची शक्यता दोन टक्के (कलम एकोणीस). तेविसाव्या कलमान्वये निकाल सर्वांवर बंधनकारक होता आणि त्याखाली तिघांच्या सह्या होत्या. औषधांच्या कित्येक चाचण्या याहून ढिसाळ असतात, असे पत्नी म्हणाल्या, आणि ते कौतुक होते.

पडद्याआड बसायला शेजारचे दंतवैद्य आले. ते चित्रपट जमवतात. एकाच चित्रपटाच्या सतरा आवृत्त्या त्यांच्याजवळ असून त्या एकमेकींपासून चाळीस सेकंदांनी भिन्न आहेत. ते फक्त ते चाळीस सेकंद पाहतात. निःपक्षपातीपणाबद्दल त्यांची ख्याती होती, कारण दुखतंय का, हे ते रोग्याला कधीच विचारत नसत.

रविवारी सकाळी दहाला चाचणी सुरू झाली. दारात चादर टांगली. चादरीआड दंतवैद्य, चादरीपुढे खुर्चीत संग्राहक, शेजारी वही घेऊन मुलगी. पत्नी नाणे उडवून, बंद पाकिटे चादरीआड देऊन स्वयंपाकघरात गेल्या होत्या, कारण त्यांच्या चेहऱ्यावरून सुगावा लागू नये असे कलम तेरामध्ये म्हटले होते.

पहिली फेरी सुरू झाली. सातव्या सेकंदाला संग्राहकांनी बोट वर केले.

"तबकडी."

"बाबा, दीड मिनिट आहे. नीट ऐका ना."

"ऐकायचंय काय त्यात? ऊब बघ. खोलीत माणसं बसल्यासारखी वाटतात. लिही."

दुसरी फेरी. "फोन. कोरडं, निर्जीव. दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं."

"अहो, दवाखान्याला नावं ठेवू नका," चादर म्हणाली.

"कलम अकरा!" संग्राहक ओरडले.

"खोकायचं नाही एवढंच आहे त्यात. बोलायचं नाही असं नाही."

तिसरी, चौथी, पाचवी. ते कुठेही अडखळले नाहीत. अकराव्या फेरीपासून त्यांनी बोट वर करणेही सोडून दिले आणि नुसत्या भुवईने निकाल देऊ लागले. मुलीचा चेहरा मात्र पडत चालला होता. एवढ्या खात्रीने बोलणारा माणूस बरोबरच असणार, असा समज होण्याइतकी ती लहान होती (सव्वीस). विसाव्या फेरीनंतर संग्राहक उठले, त्यांनी हात झटकले आणि फळ्यांकडे अशा नजरेने पाहिले, की जणू त्या आत्ताच कर्जमुक्त झाल्या होत्या.

पत्नी आल्या. दंतवैद्यांनी फेरीगणिक फोडलेली पाकिटे चादरीआडून मागवली, वही शेजारी ठेवली, एकेक ओळ बोटाने जुळवली. मग पुन्हा पहिल्यापासून जुळवली. प्रयोगशाळेत हे त्या फक्त वाईट बातमी असली तरच करत.

"बरोबर किती?" संग्राहकांनी विचारले.

"शून्य."

"शून्य म्हणजे? वीसपैकी?"

"वीसपैकी शून्य."

"एकही नाही?" चादर बाजूला सारून दंतवैद्य बाहेर आले. "चुकून सुद्धा नाही?"

मुलगी हसू आवरण्यासाठी वहीत तोंड घालून बसली. संग्राहक मात्र खाली बसले नाहीत. त्यांनी खिशातून गणकयंत्र काढले, बटणे दाबली आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

"अगं, दहा बरोबर आले असते तर मी संपलो होतो. दहा म्हणजे नुसते अंदाज. पण वीसच्या वीस चुकणं! हे नशिबाने होण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी आहे. म्हणजे मला फरक ऐकू येतो. नि:संशय ऐकू येतो! सिद्ध झालं!"

येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे की गणित बरोबर होते.

"झालं सिद्ध," पत्नी म्हणाल्या. "तुम्हाला फरक कळतो, आणि तुम्हाला फोन आवडतो."

कारणाचा शोध साडेचार मिनिटांत लागला. मुलीच्या फोनमध्ये 'जुनेपणा' नावाचे एक बटण होते. ते दाबले की गाण्यात मागे बारीक खरखर आणि मधूनच एखादा टक् असा आवाज मिसळला जाई.

"मी ते चालू ठेवलं होतं," मुलगी हळूच म्हणाली. "म्हटलं बाबांना जरा घरच्यासारखं वाटेल."

संग्राहकांनी तेवीसही कलमे वाचून काढली. या बटणाचा उल्लेख कुठेही नव्हता. त्यांच्या स्वतःच्या तबकड्यांत खरखर असण्याचा प्रश्नच नव्हता. ती त्यांनी वर्षाला चारशे बारा तास खर्चून, ऊर्ध्वपातित पाण्याने, समूळ नष्ट केली होती. जगातल्या कोणत्याही तबकडीला फोनच्या इतके जवळ आजवर कोणी आणले नसेल.

तरीही त्यांनी अपील केले. अपिलाचा मुद्दा असा: "जो तापमापक कधी बरोबर, कधी चूक दाखवतो, तो टाकाऊ. जो नेहमी नेमका तेवढाच चुकतो, तो उत्तम. त्याला मी स्वतः प्रमाणपत्र देतो. माझी चूक शंभर टक्के स्थिर आहे. असे कान विकत मिळत नाहीत."

"मग द्या की कानांना प्रमाणपत्र," पत्नी म्हणाल्या. "आणि खोली रिकामी करा. कलम एकोणीस, कलम तेवीस. खाली सही कुणाची आहे?"

सही सुवाच्य होती.

प्रमाणपत्र त्यांनी खरोखर तयार केले. उपकरण: कान, दोन. स्थिती: कार्यक्षम. सूचना: वापरणाऱ्याने दर्शवलेल्या निष्कर्षाच्या उलट निष्कर्ष घ्यावा. हा कागद पत्नींनी फ्रिजवर चिकटवला आणि त्यांना तो अतिशय उपयोगी पडत आहे. पडद्यांचा रंग, पाहुण्यांचा स्वभाव, छत्री न्यावी की नाही अशा प्रत्येक बाबतीत त्या यजमानांचे मत आदराने विचारतात आणि उलट करतात. गेल्या तीन महिन्यांत त्यांचा निर्णय एकदाही चुकलेला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा सल्ला प्रथमच इतक्या गांभीर्याने घेतला जात असल्यामुळे संग्राहकही समाधानी आहेत.

तबकड्या वाटल्या गेल्या. काही पलंगांखाली गेल्या, काही दंतवैद्यांच्या प्रतीक्षालयात (तेथे रोगी त्यांच्याकडे पाहतात आणि स्वतःचा दात विसरतात). एक तारखेला कॅमेऱ्यावरून तपासणी झाली. तपासनीस बाईंनी भिंती मोजल्या, चार भरल्या. दार बंद करून दाखवायला लावले, बंद झाले. मुलगी आता त्या खोलीत दिवसाला ब्याण्णव तक्रारी ऐकते, आणि तिच्याबद्दल मात्र कोणाचीही तक्रार नाही.

आता एक तांत्रिक खुलासा. या कथेच्या मूळ मसुद्यात निकाल आणि तपासणी यांच्यामध्ये आणखी एक पान होते. खोली सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी, रिकाम्या फळ्यांमध्ये, संग्राहक एक न धुतलेली तबकडी लावतात, जमिनीवर बसतात आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काहीही न तपासता, ऐकतात. दारात मुलगी येऊन उभी राहते, तीही ऐकते. काय वाजत होते, कोणते वाद्य कोणाला कसे उत्तर देत होते, हे सगळे त्या पानावर होते, आणि जाणकारांच्या मते कथेत ऐकण्यासारखे एवढेच होते. ते पान प्रयोगादाखल काढून टाकले आणि उरलेली कथा चाळीस संगीतप्रेमी वाचकांना दिली. तबकड्या किती, कलमे किती, बरोबर किती, हे सर्वांना तोंडपाठ झाले. संगीतवेड्या माणसाच्या गोष्टीत एकदाही संगीत कसे ऐकू आले नाही, असे मात्र किती जणांनी विचारले?

चाळीसपैकी शून्य.

(आपण एक्केचाळिसावे.)