तिसरं दरपत्रक

तुलना तक्त्यात प्रोसेसर दोनच होते, पण रकाने तीन छापून आले होते, आणि तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर केतकीचं नाव होतं.

केतकीला आधी वाटलं, खाली 'तयार करणार' म्हणून लिहायचं नाव चुकून वर सरकलं असेल. तक्ता तिनंच केला होता. तालुक्याच्या त्या पतसंस्थेत संगणकाचं काही निघालं की ते केतकी देवशेटेच्या टेबलावर यायचं, कारण बी.सी.ए. झालेली तिथं ती एकटीच. जुना सर्व्हर पेन्शनवाल्यांची गर्दी झाली की मान टाकायचा. त्याच्या पंख्याचा आवाज चढायला लागला की केतकीच्या हातातला पेन खाली पडायचा. म्हणून नवा प्रोसेसर कुठला घ्यावा याचा अभ्यास तिनं जीव लावून केला होता. एक सोलापूरच्या विक्रेत्याचा होता, एक पुण्याच्या. सोलापूरवाल्याचे कोअर, म्हणजे एका वेळी काम करणारे हात, कमी, पण एकेक चपळ, आणि किंमत बेताची. मात्र तो ज्या खाचेत बसतो ती खाच शेवटची. पुढेमागे जास्त ताकदीचा घालायचा म्हटलं तर सगळा बोर्डच फेकायचा. पुणेवाला महाग, एकेका कामात जरा सावकाश, पण कोअर दुप्पट, आणि पुढची पिढीही त्याच खाचेत बसणार. मॅनेजर गवसाने यांना समजावं म्हणून तिनं शेऱ्यात लिहिलं होतं: सोलापूरवाला म्हणजे भराभर हात चालवणारे दोन कॅशियर, पुणेवाला म्हणजे बेताच्या चालीची चार काउंटरं, आणि आपल्याकडे रांग मोठी आहे.

ती तक्ता घेऊन केबिनमध्ये गेली.

"सर, इथं माझं नाव आलंय."

"आलं नाही, घातलंय," गवसाने म्हणाले. "बस."

"पण हा प्रोसेसरचा तक्ता आहे."

"तीन दरपत्रकं लागतात, केतकी. गेल्या वर्षी खुर्च्या दोन दरपत्रकांवर घेतल्या, तर ऑडिटरनं किती लिहिलं, वाचलंस ना? तिसरा विक्रेता कुठून आणू? लातूरवाला फोनच उचलत नाही."

"मग माझं कसं चालेल?"

"तू हिशेब करतेस का नाही?"

"करते."

"सांगितलेलं लक्षात ठेवतेस?"

"ठेवते."

"मग प्रोसेसर यापेक्षा वेगळं काय करतो?"

केतकीला उत्तर येत होतं, पण ते पुस्तकातलं होतं. केबिनमध्ये ते बरं दिसलं नसतं.

"नुसतं नावाला आहे गं," गवसाने म्हणाले. "कोण निवडणार आहे तुला?"

हे ऐकून तिला हायसं वाटलं, आणि जरा लागलंही.

दरपत्रक आपलं आपण देता येत नाही. त्याला पुरवठादार लागतो. केतकीचे पुरवठादार म्हणजे अण्णा. बसवराज देवशेटे यांचं बाजारपेठेत मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान होतं, नवे मिक्सरही ते ठेवायचे. अण्णांचे दोन नियम गावाला पाठ होते. खोकं उघडलं की माल परत नाही. आणि तक्रारीचा फोन पहिल्या दिवशी उचलायचा नाही. निम्मे मिक्सर दोन दिवसांत आपोआप सुरू होतात.

त्यांनी दरपत्रक चष्मा लावून वाचलं.

"तीन वर्षांची वॉरंटी लिहिलीय," ते म्हणाले. "आता तुला कसं ठेवतेत? अकरा महिन्यांवर?"

"हो. पण अण्णा, हे नुसतं नावाला—"

"म्हणजे तीन वर्षं तर हलवत नाहीत. बरंय की." त्यांनी सही केली आणि दुकानाचा शिक्का मारला. "घाबरतीस कशाला? माल चांगलाच आहे."

"जेवणखाण कुणाकडं?" आईनं आतून विचारलं.

अण्णांनी खालच्या अटी पाहिल्या. "वीजपुरवठा पुरवठादाराकडं," ते म्हणाले. "डबा आपणच द्यायचा."

खरेदी समितीची सभा चेअरमन कोठावळे यांच्या दालनात झाली. टेबलावर दोन्ही प्रोसेसर आपापल्या खोक्यात, स्पंजमध्ये बसले होते. त्यांच्या शेजारी केतकीला खुर्ची दिली होती. सोलापूरचा आणि पुण्याचा विक्रेता भिंतीकडेला बसले. गवसाने एकेक मुद्दा वाचू लागले.

"कोअर. सोलापूर, सोळा. पुणे, बत्तीस. केतकी?"

"एक," केतकी म्हणाली.

"एक कसा?" कोठावळे म्हणाले. "बायका चार-चार कामं एकदम करतात. रोज घरी बघतो की मी. चार लिहा."

गवसान्यांनी चार लिहिले.

"तापतो का?"

"हे दोन्ही बऱ्यापैकी तापतात, साहेब. केतकी तापत नाही. फार झालं तर मान खाली घालते."

"वेग?"

नेमकं तेव्हाच शिपाई लक्ष्मणमामांच्या हातून बशी निसटली. फरशीवर पोचायच्या आत केतकी खुर्चीतून उठून उभी होती. दोन्ही प्रोसेसर जागचे हलले नाहीत.

"रिस्पॉन्स बघितला का?" गवसाने म्हणाले. समितीनं बघितला होता. पुण्याच्या विक्रेत्यानं मान डोलावली. त्यालाही ते मान्य करावं लागलं.

"आता शेवटचं. पुढं वाढायला जागा आहे का?" कोठावळ्यांनी केतकीकडे पाहिलं. "म्हणजे तुझा पुढं काय करायचा विचार आहे?"

या संस्थेत लागल्यापासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्यामुळे ती मोकळेपणानं बोलली. "मी बाहेरून एम.सी.ए. करतेय, साहेब. शेवटची परीक्षा तेवढी राहिलीय."

"म्हणजे अपग्रेड होतो."

"होतो, साहेब," गवसाने म्हणाले.

"त्याच खाचेत?"

"त्याच खुर्चीत."

तेव्हा कुठे केतकीच्या ध्यानात आलं, हे खरंच तिला निवडायला निघालेत. ती घाईघाईनं म्हणाली, "साहेब, माझं ऐकाल तर पुणेवाला घ्या. मी सगळं तपासलंय. आज महाग वाटेल, पण पुढच्या वेळी नुसता प्रोसेसर बदलायचा, बाकी सगळं तेच राहतं. महिनाअखेरीला व्याज काढताना—"

"तिसऱ्या निविदेनं दुसऱ्या निविदेची शिफारस करायची नसते," कोठावळे सौम्यपणे म्हणाले. इतिवृत्तात तसं नोंदलं गेलं.

मग दर वाचले गेले. केतकीचा पगार संस्था देतच होती, त्यामुळे तिच्या रकान्यात नव्यानं काहीच मांडायचं नव्हतं.

"सगळ्यात कमी दर सोडून दुसरा घेतला तर कारण लिहावं लागेल," गवसाने म्हणाले.

समितीतले सगळे एकमेकांकडे बघू लागले. कारण लिहायची कुणाचीच तयारी नव्हती.

विक्रेत्यांनी खोकी बंद केली. न निवडलेला माल सन्मानानं परत जातो. त्यांना चहा झाला, जायचं भाडं मिळालं. पुण्याचा विक्रेता निघताना केतकीपाशी थांबला.

"अभिनंदन मॅडम," तो म्हणाला. "थंड ठेवायला सांगा त्यांना. बसवतात हौसेनं, नंतर बघत नाहीत."

केतकी त्याच्या हातातल्या खोक्याकडे बघत होती. आतला प्रोसेसर स्पंजमध्ये आरामात निजला होता.

सर्व्हरची खोली काउंटरच्या मागं, काचेच्या भिंतीपलीकडे होती. जुना सर्व्हर बाहेर काढला, त्याच्या जागी केतकीची खुर्ची ठेवली आणि नेटवर्कच्या केबलचं टोक तिच्या डाव्या मुठीत दिलं. पहिली विचारणा आली तेव्हा कोपरापर्यंत मुंगी चावल्यासारखं झालं. कुणा शिंद्यांना शिल्लक हवी होती. केतकी दचकली, आणि दचकता दचकता तिनं शिल्लक सांगितली. बाहेर प्रिंटरनं पासबुकावर ती छापली. शिंद्यांनी पासबुक फुंकरून वाळवलं आणि ते निघून गेले.

काम होत होतं. जुन्यापेक्षा हळू, पण होत होतं. एकदा बसवलेला प्रोसेसर रोज संध्याकाळी काढून घरी पाठवत नाहीत, म्हणून यूपीएसच्या बॅटऱ्यांशेजारी तिला सतरंजी दिली. घरचा डबा लक्ष्मणमामा आणून द्यायचे. ती जेवायला बसली की काउंटरवर 'सर्व्हर डाऊन' ही पाटी लागायची. ही पाटी गावाला नवी नव्हती.

"किती वेळ लागंल?" रांगेतले एक निवृत्त मास्तर विचारायचे.

"आत्ताच भात घेतलाय."

"मग झालंच," मास्तर म्हणायचे आणि बाकावर बसायचे.

पेन्शनच्या आठवड्यात एकाच वेळी सगळ्या शाखांतून विचारणा यायच्या. केतकीचे कान तापायचे, डोळ्यांपुढं आकडे नाचायचे. तिनं काच वाजवली तर गवसाने आत डोकावून म्हणायचे, "चारही कोअर वापर. तू एकच वापरतेस." ती मग तेही करून बघायची. डाव्या हातानं व्याज, उजव्या हातानं हप्ते, तोंडानं शिल्लक, आणि उरलेल्यात एम.सी.ए.चा अभ्यास. पुस्तक तिनं मांडीवर उघडं ठेवलं होतं. त्यातलं निम्मं डोक्यात जायचं आणि निम्मं कुणाच्या तरी पासबुकावर छापलं जायचं. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

बुधवारी अण्णांचं खातं आलं. खाते क्रमांक तिला तोंडपाठ होता. म्हणजे अण्णा काउंटरवर होते, काचेपलीकडे, हाकेच्या अंतरावर. तिनं शिल्लक सांगितली आणि मान वर केली. अण्णा पासबुक वाचत होते.

"कसा चाललाय?" त्यांनी कॅशियरला विचारलं.

"मस्त. पहिल्यापेक्षा तक्रारी कमी."

"आपलाच माल आहे," अण्णा शेजारच्या माणसाला म्हणाले.

केतकीनं मूठ न सोडता कोपरानं काच वाजवली. अण्णांनी पाहिलंही. पण काचेवर लिहिलं होतं, पुरवठादारांस आत प्रवेश नाही. त्यांनी पाटी वाचली, समजल्यासारखी मान हलवली आणि ते गेले. अण्णा नियमाला धरून चालणारे होते.

परीक्षा सोमवारी सकाळी होती, जिल्ह्याच्या ठिकाणी. हुकली तर नोंदणीची मुदत संपत होती, आणि आधीची सगळी वर्षं वाया जाणार होती. शनिवारी दुपारी तिनं गवसान्यांना आत बोलावलं.

"सर, सोमवारी मला काढावं लागेल. एक दिवस फक्त."

"काढायचं? वॉरंटी चालू आहे. मध्येच काढलं तर ती जाते."

"परीक्षा आहे, सर. तुम्हीच तक्त्यात लिहिलंय, अपग्रेड होतो म्हणून."

"होतो असं लिहिलंय. कधी ते लिहिलं नाही." गवसाने वाईट माणूस नव्हते. त्यांनी जरा विचार केला. "हे बघ, अपग्रेड आम्हाला करता येत नाही. ते पुरवठादारानं करून द्यायचं असतं. त्यांनी नुसतं हो म्हटलं, तर मी सोमवारी एक दिवस पाटी लावतो. माझ्याकडून अडचण नाही."

"मग तुम्ही विचाराल अण्णांना?"

"तक्रार मालाकडून जायला हवी," ते म्हणाले आणि भिंतीवरच्या फोनकडे बोट दाखवून निघून गेले.

मोबाइल आत चालत नव्हता. केतकीनं संस्थेच्या फोनवरून दुकानाचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. दुकानात फोनच्या छोट्या पडद्यावर संस्थेचं नाव उमटलेलं अण्णांना दिसत असणार. संस्थेचा फोन म्हणजे तक्रार, आणि आज पहिला दिवस. तिनं फोन ठेवला, दोन हप्ते भरून घेतले आणि पुन्हा लावला.

लक्ष्मणमामा डबा घेऊन आले.

"मामा, दुकानात जाऊन अण्णांना सांगाल? म्हणावं, केतकीनं फोन उचला म्हणून सांगितलंय."

"बाळ, मी फक्त पॉवर सप्लाय बघतो," मामा अवघडून म्हणाले. "बाकीच्यात मी हात घातला तर मलाच ओरडतेत." त्यांनी डबा उघडून दिला. आईनं वर बेसनाचा लाडू ठेवला होता. परीक्षेला जाताना द्यायची तसा.

रविवारी मुख्य शाखा बंद होती, पण बाकी काही शाखा उघड्या असायच्या, त्यांच्या विचारणा येतच होत्या. केतकीनं सकाळी फोन लावला, मग दुपारी. अण्णांचा पहिला दिवस चोवीस तासांचा असायचा. दुकान रविवारीही उघडं असायचं, बाजाराचा दिवस. घंटा वाजताना तिला तो काउंटर डोळ्यांपुढं दिसत होता, खोललेले मिक्सर, स्क्रूंची ताटली, आणि फोनकडे पाठ करून बसलेले अण्णा. काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. अण्णा, मी केतकी. नुसतं हो म्हणा. एवढंच. 

उन्हं काचेवरून खाली उतरली तेव्हा तिनं पुन्हा नंबर फिरवला. डाव्या मुठीतून कुणाची तरी शिल्लक सुटत होती, उजव्या हातात फोन होता, मांडीवर पुस्तक होतं. घंटा वाजली, वाजत राहिली, आणि थांबली. पलीकडे मिक्सर गरगरत होता. कुणीतरी तो बंद केला.

"देवशेटे रिपेअरिंग," अण्णा म्हणाले, गिऱ्हाइकाशी बोलायच्या त्यांच्या त्या समजुतीच्या आवाजात. "बोला साहेब. आता काय बिघडलं तिचं?"