ऑयस्टरच्या हाडाचा प्रश्न

शब्दाला अर्थ असावा लागतो आणि अर्थाला आधी मंजुरी असावी लागते. परकीय शब्दांच्या आमच्या कोशमंडळात ही मंजुरी अत्यंत लोकशाही पद्धतीनं मिळते. प्रमुख संपादक नोंद वाचतात, "कुणाला काही म्हणायचंय?" असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत पान उलटतात. आजवर शंभर टक्के अर्थ एकमतानं मंजूर झाले आहेत. (राहिले त्यांना आम्ही अर्थ मानत नाही.)

'ऑयस्टर' हा शब्द मंडळाच्या एकुलत्या एक सहायक संपादकांच्या वाट्याला आला. सहायक बरीच वर्षं हंगामी होते आणि एवढा शब्द पार पडला की त्यांना कायम करायचं ठरलं होतं. बिचाऱ्यांनी जीव ओतून नोंद लिहिली. अर्थ : कालव, शिंपल्यात राहणारा समुद्री जीव. उगम : ग्रीक, हाडाला जो शब्द आहे त्याच्याच घराण्यातला, कारण शिंपला हाडासारखा टणक. नोंद अगदी बरोबर होती. तिथंच माशी शिंकली.

प्रमुखांनी एकदा जावयाकडे कालवं खाल्ली होती. "मला तरी हाड लागलं नाही," ते म्हणाले.

जावयानं आधीच काढून ठेवलं असेल, अशी शंका एका सदस्यांनी काढली. (जावई खरोखरच सज्जन आहेत.) मग शास्त्रशुद्ध तपासणीसाठी टोपलीभर कालवं कार्यालयात मागवली. पट्टी, कात्री, कपाटाची किल्ली, सगळं वापरून झालं; एकही उघडलं नाही. दुपारनंतर वास सुटला. यावरून आत हाड नाही हे सिद्ध झालं.

"हाडाचा उगम रद्द. कुणाला काही म्हणायचंय?"

सहायकांचे ओठ हलले. पण सकाळी डबा हातात देताना बायकोनं बजावलं होतं, "अहो, कायम होईपर्यंत तोंड उघडू नका. मग काय हवं ते बोला." त्यांना मनापासून वाईट वाटलं. तेवढ्यात पान उलटलं.

सहायक कायम झाले. "आता बोला की," बायको म्हणाली.

"आता बढतीचं चाललंय," ते म्हणाले.

कोशात ऑयस्टरचा आणखी एक अर्थ आहे : सगळं ठाऊक असून तोंड मिटून बसणारा माणूस. उदाहरण म्हणून प्रमुखांनी सहायकांनाच सुचवलं. सहायकांची हरकत आली नाही.

मात्र एका उदाहरणावर अर्थ उभा राहत नाही, असा मंडळाचा दंडक आहे. तेव्हा हाडाचा उगम बरोबर आहे हे वर स्पष्ट वाचूनही जे वाचक इथवर मुकाट्यानं आले, त्यांनाही उदाहरणात घ्यावं, असा ठराव मांडला आहे.

कुणाला काही म्हणायचंय? बरं. पान उलटतो.