मोघ्यांची कोलेशिया

पाऊस आला की माणसं स्वतःवर छत्री धरतात. आमच्या शेजारचे मोघे झाडावर धरतात.

आयर्लंडातल्या सँडीफोर्डच्या या इमारतीत मी राहायला आलो, तेव्हा पहिलंच दर्शन हे. उघड्या गॅलरीत साठीचा एक गृहस्थ चिंब भिजत उभा, आणि छत्री कुंडीवर. कुंडीत नुसते काटे. पानं जवळजवळ नाहीतच.

"हिला पाऊस सोसत नाही," ते म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

"मला कुठे मुळं आहेत सडायला?"

झाडाचं नाव कोलेशिया. माहेर दक्षिण अमेरिका, कूळ आपल्या बोराचं. पाणी नको, खत नको. मुळांशी जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन धरून हिला जेवू घालतात. हे सगळं मोघे अशा अभिमानाने सांगतात की मुलगी मेरिटमध्ये आली असं वाटावं. शेवटी ठरलेलं वाक्य : "मागणं नाही, कटकट नाही!" हे म्हणताना ते माझ्याकडे का बघतात, ते मला ठाऊक आहे. पगारवाढीची माझी रडकथा त्यांनी गॅलरीतून बऱ्याचदा ऐकली आहे.

झाडांच्या बाबतीत माझा लौकिक बरा नाही. आमच्याकडचा मनीप्लांट दोनदा मेला. दुसरा प्लास्टिकचा होता, असं बायकोचं म्हणणं. तरी एकदा शेजारधर्म म्हणून मी कठड्यावरून कोलेशियाला तांब्याभर पाणी घातलं. मोघे बरेच दिवस बोलले नाहीत. मग एकदाच बोलले : "तुझी बायको धीराची आहे."

एकदा वाळत घातलेला मोजा त्यांच्या गॅलरीत उडाला. काढायला वाकलो, तर स्वेटरची बाही काट्यांत अडकली, आणि तेवढ्यात दुसऱ्या हातातल्या फोनवर मॅनेजरचा व्हिडिओ कॉल सुरू झाला.

"ऑल ग्रँड?" सगळं ठीक ना, असं त्याने आयरिश थाटात विचारलं.

"ग्रँड," मी म्हणालो, आणि कठड्यावर लोंबकळत प्रोजेक्टची प्रगती सांगितली. मोघे नखं कापायची कात्री घेऊन आले. "फांदी मोडू नकोस. स्वेटर दुसरा मिळेल," म्हणाले आणि माझी बाही कापली.

तर असा हा माणूस. एकटाच राहतो. आमच्याकडे गणपतीला येतो, दारातूनच मोदक घेतो आणि जातो. आत या म्हटलं तर "चपला ओल्या आहेत" म्हणतो. उन्हातसुद्धा.

गेल्या ऑक्टोबरात बेल वाजली. मोघे.

"पाठ धरलीय. कुंडी खाली न्यायचीय. येतोस?"

टाकून देतायत! मला इतका आनंद झाला की मी हातमोजेसुद्धा घातले नाहीत. लिफ्टमध्ये काट्यांनी माझा समाचार घेतला. पण तळमजल्यावर मोघे कचऱ्याच्या खोलीकडे वळलेच नाहीत. त्यांनी समोरच्या फ्लॅटची बेल दाबली.

दार उघडलं ब्रीडाने. ऐंशीच्या पुढची आयरिश बाई. तिला आता दिसत नाही, एवढंच मला माहीत होतं.

"वसंत, तूच ना रे?" तिने इंग्रजीत विचारलं.

मोघ्यांना पहिलं नावही आहे, हे मला तेव्हा कळलं.

"मीच. यंदा उशिरा फुलली."

तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. काट्यांच्या बेचक्यांत बारीक पांढरी फुलं होती. मधासारखा गोड वास येत होता. इतकी वर्षं शेजारी राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

ब्रीडा वाकली. तिचा चेहरा काट्यांकडे निघाला, तसा मोघ्यांनी मध्ये आपला तळहात धरला. बोटांच्या फटीतून तिने वास घेतला. खूप वेळ.

"कशी दिसतायत?"

"लहान आहेत. तांदळाच्या दाण्याएवढी," मोघे म्हणाले. "पण पुष्कळ आहेत, ब्रीडा. पुष्कळ."

मग त्यांनी चपला काढल्या, आत गेले, किटली लावली आणि न विचारता कपाट उघडून दोन कप काढले. मी दारातच उभा होतो. माझ्याकडे बघून ते जरा थांबले, आणि तिसरा कप शोधू लागले.