गाय हाय

आमच्या शेजारचा बाळाराम मोबाईलसमोर बसायच्या आधी चपला काढतो. तोंड धुतो, टोपी घालतो, मोबाईल पाटावर टेकवून ठेवतो आणि समोर मांडी घालतो. मधेच लघवी लागली तर करंगळी वर करून विचारतो, "बाई, जाऊन येऊ?" बाई उत्तर देत नाही. मग धडा संपेपर्यंत तसाच चुळबुळत बसतो. वय सत्तरीपुढे.

बाई म्हणजे मोबाईलमधला आवाज. बाळारामने शाळा पाहिली नाही. भिवपुरीला वीजघराच्या वसाहतीत बाग राखली, पगाराला अंगठा उठवला आणि रिटायर झाला. बायको गेली. मुलगा सुनील खोपोलीला शिळफाट्याजवळ राहतो, नोकरी करतो. गणपतीला आणि शिमग्याला तोंड दाखवायचा. गेल्या शिमग्याला त्याने बापाच्या मोबाईलवर मोठ्या माणसांचा लिहा-वाचायचा कोर्स घालून दिला. बाप कुठल्या धड्यावर आहे, ते त्याला खोपोलीत बसून दिसतं.

चुकलं की बाई म्हणते, "पुन्हा प्रयत्न करा." बाळारामने तेवढं पहिल्या दिवशीच पाठ केलं. नळाला पाणी आलं नाही की नळाला म्हणतो. मी वाटीभर वालाचं बिरडं दिलं, तर चाखून म्हणाला, "वहिनी, पुन्हा प्रयत्न करा." मी वाटी परत घेऊन आले.

आकड्यांचे धडे त्याने झपाट्याने संपवले. पंचेचाळीसला तो अजून दोन इसा नि पाच म्हणतो, पण तिथे नुसतं बोट लावायचं असतं. अक्षरंही आली. आता खताच्या पिशवीवरचं सगळं मोठ्याने वाचतो आणि दुकानदाराला ऐकवतो.

अडला तो शेवटच्या धड्यावर. तिथे वाक्य तोंडाने वाचायचं आहे. 'आमच्या घरी गाय आहे.'

"आमच्या घरी गाय हाय," बाळाराम म्हणतो.

"पुन्हा प्रयत्न करा."

मला तो म्हणाला, बाईला कळलंय, आपण गाय विकली ती. मी म्हटलं, गायीचं काही नाही, तुझ्या 'हाय'चं आहे. मी चौथी शिकले. हाय-नाय म्हटलं की मास्तर हातावर पट्टी मारत. तेव्हापासून माझ्या तोंडून 'आहे' आणि 'नाही'च येतं. मी त्याला दहा वेळा म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "गाय हाय कसं जुळतंय बगा."

धडा सुटेना, म्हणून सुनील रविवारी आला. बापाला ओट्यावर बसवलं आणि दुपारपर्यंत आहे, आहे करत राहिला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. मग दर रविवारी. येताना मासे आणतो, बाप रांधतो, जेवून पुन्हा आहे, आहे. एवढा एक धडा झाला की सुटलो, असं सुनील मला म्हणाला. बाळाराम तिथेच कोळंबी सोलत होता.

परवा मी कढीपत्त्याला त्याच्या परसात गेले. तो भांडी घासत मांजराशी बोलत होता. "दूध संपलं आहे. रविवारी सुनील येणार आहे. तुला माशांची डोकी मिळणार आहेत." अगदी स्वच्छ. आमच्या मास्तरांनाही इतकं जमलं नसतं.

मी खाकरले. त्याने मागे वळून पाहिलं.

"कडीपत्ता तिकडं हाय," तो म्हणाला आणि भांडी घासू लागला.

या रविवारी सुनील वैतागला होता. चार तास झाले, गाय हाय ती हायच. माझ्या ओट्याशी येऊन म्हणाला, "काकू, बाबा मुद्दाम करतात असं वाटतंय मला. तुमी खरं बोलनाऱ्या. कधी नीट 'आहे' म्हनताना ऐकलंत का? येत असंल त्यांना, तर पुढल्या रविवारी मी कशाला येऊ?"

बाळाराम त्याच्या ओट्यावर टोपी घालून बसला होता. पाटावरचा मोबाईल पुसत होता. पुसलेलाच पुन्हा पुसत होता.

"नाय," मी म्हटलं.

मास्तर असते तर पट्टी बसली असती.