तांडेलकाकांच्या घोट्यातला म्हातारा

आमच्या शेजारच्या तांडेलकाकांच्या खिडकीला पडदा नाही, एक्स-रे आहे. उजव्या घोट्याचा. सकाळी ऊन आलं की काका त्याच्यासमोर उभे राहून मोजतात. एक, दोन, तीन. सांध्यात हाडाचे तीन तुकडे सुटे फिरतायत, ते जागेवर आहेत का बघायला. अहो, फोटोतले तुकडे हलतील कसे, हे माझं शंभरदा सांगून झालंय. "तू तुझी झेरॉक्स बघ," म्हणतात. मी कचेरीत कारकून आहे ना!

काकांचा जन्म मच्छीमार होडीवर गेला. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली कुठे खडक, कुठे वाळू, सगळं तोंडपाठ. तीच नजर आता घोट्यावर. मोठ्या तुकड्याचं नाव त्यांनी 'म्हातारा' ठेवलंय. "म्हातारा आज फिरतोय, मी खाली उतरनार नाय," म्हणून ओट्यावर बसून राहतात. घरात ते आणि काकी, दोघंच. काकींची नजर डायबेटिसने गेली. काका घराकडे येणाऱ्या पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढायला लागले की पायातून कट्ट कट्ट आवाज येतो. काका यायच्या आधी त्यांचा पाय पोचतो.

गेल्या महिन्यात म्हातारा खरंच अडकला. भर पाखाडीत काका कोसळले, डोकं पायरीच्या काठापासून वीतभर लांब. डॉक्टर म्हणाले, सीटी स्कॅन करून नेमकं बघू, मग दुर्बिणीने तुकडे काढू. नाही काढले तर पुन्हा पडाल, आणि दर वेळी डोकं वाचेलच असं नाही.

काका टाळत राहिले. आज भरती, उद्या अवस, परवा पायच बरा. जन्मभर वादळं बघितलेला माणूस यंत्राला घाबरतो म्हणून मी यथेच्छ टिंगल केली. शेवटी स्कूटरवर बसवून नेलंच. यंत्रात ते शांत पडून होते; बाहेर नखं मी खात होते.

तीन नाही, पाच निघाले. एक्स-रेत दोन तुकडे हाडाआड दडले होते. काकांनी विचारलं एकच, "काढल्यावर आवाज?" बंद होईल की, डॉक्टर हसून म्हणाले. मीही हसले. काकांचा चेहरा मात्र पार उतरला.

वाटेत ते म्हणाले, ऑपरेशन नको, आवाज गेला तर काकींना ते आल्याचं कळणार कसं? मी भडकले. आवाजासाठी जीव घालवणार? घरी आलात की हाक मारा ना काकींना!

"हाकेनं दचकते गो ती. पाय खालून ऐकते, नि मी वर येईस्तोवर केस सावरून, पदर नीट करून बसते. दिसत नाय म्हणून काय झालं?"

एवढे दिवस मी कशाला हसत होते!

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या काठीला लोखंडी टोपी बसवून आणली. काका पायाचा आवाज बुडेल इतक्या जोरात ती आपटत पाखाडी चढायचे आणि मी काकींजवळ बसायचे. पहिले तीन दिवस काकी विचारायच्या, "कोण गो येतंय?" मी विषय बदलायचे. वर पोचले की काका रोज माझ्याकडे आशेने बघायचे, मी 'नाही' म्हणून मान हलवायचे.

चौथ्या दिवशी खालच्या पायरीवर काठी वाजली आणि बोलता बोलता काकींचा हात केसांकडे गेला.

मी तशीच अनवाणी धावत खाली गेले. काका काठी धरून तिथेच उभे होते. म्हटलं, "चला, डॉक्टरांना फोन करूया."