मैत्रिणीची अंगठी

घरातल्या प्रत्येक मौल्यवान वस्तूला दोन किमती असतात. एक, ती विकायला काढली तर येईल ती. दुसरी, ती कधीच विकायला न काढल्यामुळे टिकून राहिलेली. सुसंस्कृत कुटुंबं दुसऱ्या किमतीवर चालतात. पहिली सांगण्यासाठी मान्यताप्राप्त रत्नपारखी नेमलेले असतात आणि चांगल्या घरातलं कोणी त्यांच्याकडे जात नाही. (तरीही त्यांच्या कार्यालयात बसायला खुर्ची मिळत नाही, हा वेगळा विषय.)

धाकटी त्या कार्यालयात शिरली तेव्हा तिच्या हातात चाळीस मिनिटं होती. सासूबाईंच्या बोटांच्या सांध्यांना दर मंगळवारी समोरच्या दवाखान्यात मेणाचा शेक देत. शेकाच्या वेळी बोटात काही चालत नाही, म्हणून अंगठी सोबत आलेल्या सुनेच्या पर्समध्ये जाई. अंगठी पाचूची. सासूबाईंना ती त्यांच्या सासूबाईंकडून आलेली. "माझं जी मनापासून करील, तिला ही," असं त्यांनी सहा वर्षांपूर्वी जेवताना जाहीर केलं होतं. तेव्हापासून त्या घरात सासूबाईंना पाण्याचा पेला स्वतः उचलावा लागला नव्हता. तहान लागायच्या आधी दोन पेले समोर येत, एक थोरलीचा, एक धाकटीचा. आणि कुटुंबात शांतता नांदावी म्हणून त्या दोन्ही पीत.

धाकटीने ती अंगठी मनातल्या मनात लेकीच्या शिक्षणाला लावून टाकली होती. छकुली चार वर्षांची होती. पण धाकटी पदवीधर असल्यामुळे काळजी आगाऊ करायची असते हे तिला ठाऊक होतं. (विषय कोणता हे ठरलं नव्हतं. वसतिगृहाच्या खोलीला खिडकी हवी आणि खिडकीला जाळी, एवढं ठरलं होतं.)

मग आत्ताच पारख कशाला? तर थोरली जाऊ गेलं वर्षभर अतिशय चांगली वागत होती. "अगं, तू किती करतेस आईंचं! अंगठी तुलाच मिळायला हवी," असं ती उठता-बसता म्हणे. धाकटीची झोप उडाली ती यामुळे.

कार्यालयाची शिस्त वाखाणण्यासारखी होती. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे ओढला.

"नग कोणाचा?"

"मैत्रिणीचा," धाकटी म्हणाली.

बाईंनी मान वर न करता शिक्का उमटवला. 'मैत्रिणीचा' असा तयार शिक्काच होता आणि तो झिजलेला होता. कार्यालयाच्या वार्षिक अहवालानुसार शंभरातले त्र्याण्णव नग मैत्रिणींचे असतात, चार शेजाऱ्यांचे, दोन सापडलेले. उरलेला एक जण नग आपलाच असल्याचं सांगतो. (त्याचे कागद पुन्हा तपासतात.)

"हेतू?"

"सहज. जाणून घ्यायचं होतं."

"सहजला रकाना नाही, बाई. विमा, विक्री, तारण, वाटणी. काय लिहू?"

हे चार रकाने म्हणजे या शास्त्राचा कळस. एकाच खड्याच्या त्यात चार किमती निघतात आणि चारही खऱ्या असतात. विम्यासाठी खडा दुर्मीळ ठरतो, विकताना त्याच्यात डाग दिसू लागतात, तारणाला तो आजारी पडतो. आणि वाटणीत त्याची किंमत विचारणारा देणाऱ्यांपैकी आहे की घेणाऱ्यांपैकी, यावर अवलंबून राहते.

"वाटणी लिहिते," बाई म्हणाल्या. "सहज आलेल्यांचं शेवटी तेच निघतं."

कलम सात असं होतं : 'पारख चालू असताना ग्राहकाने नगावर नजर ठेवावी. पापणी लवल्यास कार्यालय जबाबदार नाही.' धाकटीने सगळी कलमं दोनदा वाचली आणि सातव्याखाली जरा ठळक सही केली. तिच्या आईनेही फोनवर तेच बजावलं होतं : "डोळ्यांत तेल घालून बस हो. हातोहात बदलतात मेले." त्यामुळे पारखी भिंग डोळ्याला लावत होते तेव्हा ती अशी टक लावून बघत होती की त्यांनी सवयीने तिच्यापुढे डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सरकवली. (शुल्कात समाविष्ट.)

"छान आहे," पारखी म्हणाले.

"हो ना?"

"काच. जुनी, चांगली काच आहे. अशी आता कोणी करत नाही."

धाकटीने इतक्या वेळाने पहिल्यांदा पापणी मिटली. "आणि सोनं?"

"सोनं खरं आहे. चोख. पण आहे किती!"

तिने पुन्हा हिशेब मांडला. वसतिगृह गेलं, खिडकी गेली, जाळी गेली. दप्तर येत होतं. पाण्याची बाटलीही आली असती, साधी.

"तुमची खात्री आहे?"

"माझी तीनदा झाली आहे," असं म्हणून पारख्यांनी नोंदवही उघडली.

या कार्यालयात प्रत्येक खड्याचं आतलं चित्र काढून ठेवतात, कारण माणसं खोटं बोलली तरी खड्याच्या पोटातल्या खुणा बदलत नाहीत. या खड्याच्या पोटात हवेचे तीन बुडबुडे होते : दोन शेजारी-शेजारी, एक खाली. आश्चर्यचकित झालेल्या चेहऱ्यासारखे. तोच चेहरा वहीत तीन ठिकाणी तिच्याकडे बघत होता. गोपनीयतेच्या नियमाप्रमाणे पारख्यांनी नावांवर स्टीलची पट्टी ठेवली. अक्षरांबद्दल मात्र नियम नव्हता.

पहिली नोंद चौतीस वर्षांपूर्वीची. त्यातला पोटफुगा 'ळ' धाकटी रोज सासूबाईंच्या वाणसामानाच्या यादीत वाचत होती. दुसरी नोंद सासऱ्यांची, धनादेशावर सही करतात तशा तोऱ्यात. तिसरी गेल्या वर्षीची, एका मंगळवारची, वेलांटीला दोन जादा वळसे देऊन, थोरलीच्या हातची. मालकाच्या रकान्यात तिन्हीकडे तोच शिक्का.

"या मैत्रिणीचा गोतावळा मोठा दिसतो," पारखी म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसल्यावर धाकटीने घसा खाकरला.

"आई, मी म्हणत होते, मान मोठ्यांचा. अंगठी ताईंनाच द्या."

थोरलीचा चमचा वाटीतच राहिला. "छे गं! करतेस तू आणि घेऊ मी?"

"नाही ताई, तुम्हीच."

"माझी शपथ आहे तुला!"

"शपथ कशाला घालता? तुमच्या बोटाला शोभेल किती!"

"माझी बोटं बघ, मेली कशी जाड! तुझी निमुळती."

हा त्याग अकरा मिनिटं चालला. दोघींचे नवरे भारावून गेले. (वहीत त्यांची नोंद नव्हती, काही माणसं जन्मभर निर्धास्त असतात.) सासऱ्यांना अचानक ठसका लागला. सासूबाई मात्र एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. डोळ्याला भिंग नव्हतं, एवढंच.

"दोघींनाही नको," त्या म्हणाल्या.

"नको असं नाही आई, पण..."

"कळलं हो. मग छकुलीला. मोठी होईपर्यंत धाकटीने जिवापाड सांभाळायची."

"किती छान सुचलं तुम्हाला!" थोरली म्हणाली. वर्षभरात ती इतकं मनापासून काही बोलली नव्हती.

छकुलीने अंगठी अंगठ्यात घातली आणि दिव्यासमोर धरली. "आई, हे खरं आहे?"

घास थांबले. तीन जाणकार चेहरे धाकटीकडे वळले. लेकीशी कधी खोटं बोलायचं नाही, असा तिचा नियम होता. (पुस्तकातला; अधोरेखित केलेला.)

"आजीची आहे ना," ती म्हणाली, "म्हणजे खरीच."

त्यानंतर त्या घरात काहीही बदललं नाही, आणि हेच या पद्धतीचं यश. पाण्याचे दोन पेले येतच राहिले, मंगळवारचा शेक चुकला नाही. सेवेत कोणी तसूभर कपात केली असती, तर ती का केली हे सांगावं लागलं असतं. उलट छकुलीला आठवड्याभरात मर्म कळलं. "जो मला गोष्ट सांगेल त्याला माझी अंगठी," असं तिने जाहीर केलं आणि तिचे बाबा व काका रोज दोन-दोन गोष्टी सांगू लागले.

तुम्हाला हे दुसऱ्याच्या घरातलं म्हणून वाचायला बरं वाटलं असेल. तरी मध्येच कुठेतरी तुम्ही एकदा कपाटाकडे पाहून घेतलंत. त्यात काही गैर नाही. पण तुम्ही कपाटाकडे बघताना समोर बसलेल्या माणसाने तुम्हाला पाहिलं, आणि मग त्याने नजर फिरवली ती जरा घाईनेच. आता तो उठून विचारील, "पाणी आणू का?"