नेमचुआला दिलेली ऊब

आमच्या थान्ह होआ प्रांतात नेमचुआ, म्हणजे आंबवलेलं मांस, करावं तर मीच! डुकराचं मांस कुटायचं, भाजल्या तांदळाची पूड मिसळायची, केळीच्या पानात बांधायचं; माझ्या धाकानं ते मुकाट आंबायचं. पण थुअनची, माझ्या लेकीची, सुपारी घेऊन सासरचे यायचे होते, नेमकी त्याच वर्षी अशी थंडी पडली, की पुड्या नव्या नवरीसारख्या रुसल्या. आंबटपणाचा पत्ताच नाही! व्याह्यांपुढे काय कच्चं मांस ठेवू?

थुअन नर्सिंग शिकत होती. म्हणाली, "आई, आत जंतू असतात. ते तांदळाची पूड खातात, वाढतात आणि आम्ल सोडतात, त्यानं आंबटपणा येतो. गारठ्यात सुस्तावतात बिचारे. ऊब दे त्यांना."

"माझ्या पुड्यांत जंतू? जीभ आवर!"

पण ऊब पटली. आणि घरात सगळ्यात ऊबदार वस्तू म्हणजे आमचे हे! माणूस कसला, शेगडीच! त्यांना आडवं केलं, पोटाभोवती पुड्या रचल्या, वर दोन रजया टाकल्या. सकाळपर्यंत खोलीत आंबूस वास दरवळला.

"अगं, खाज सुटलीय!" हे कण्हले.

"थोडंच राहिलंय, सोसा! हलाल तर याद राखा!"

मागे वळते तर दारात विहीणबाई! चांगल्या एक दिवस आधी! रजयांखाली कण्हणारा माणूस पाहून त्यांनी तोंडावर हातच ठेवला.

"ताई, कळवलं का नाही? बाप गेला की दुखवटा, मग तीन वर्षं लग्न नाही! ते जायच्या आत उरकू या. उद्याच!"

"अहो, ते ठणठणीत आहेत!"

"लपवू नका. वास सगळं सांगतोय."

आता खरं सांगावं, तर पाहुण्यांचा फराळ यांच्या पोटावर पिकतोय हेही सांगावं लागणार! मी मान डोलावली. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. नेमचुआ असं आंबलं होतं, की लोक बोटं चाटत होते. आणि सगळ्यांत जास्त कोण हाणत होतं? मरणारा माणूस!

विहीणबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "खाऊ द्या हो. शेवटची इच्छा!"

ते यांनी ऐकलं. झालं! पुढं जन्मभर तेच. "अगं, शेवटची इच्छा, चहा टाक. शेवटची इच्छा, पाठ चोळ." मी शिव्या घालत पुरवायची.

गेल्या हिवाळ्यात खरोखरच निघाले, तेव्हा मात्र लबाडानं काही म्हणजे काही मागितलं नाही!